न सुटणारा टाका

१

भाऊंचा कोट पोलिसांनी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिला. वहिनींनी तो घरी उघडलाच नाही. सकाळी आठ वाजता, बाईंच्या शिवणदुकानाचं अर्धं दार उघडलेलं असताना, त्या पुडकं छातीशी धरून आत आल्या आणि कापणीच्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "बाई, तुम्हीच बघा. माझा हात धजत नाही."

बाईंनी आधी दार लावून घेतलं.

भाऊ गोदी कामगारांचे पुढारी. बारा वर्षांत चार तुरुंगवास आणि एक मोडलेला हात. गेल्या गुरुवारी संध्याकाळी ते पुलावर पोलिसांच्या घेऱ्यात सापडले आणि शनिवारी नदीत. सरकारी पत्रकात होतं, 'पळून जाताना तोल गेला.' गावात कुणीच ते मानलं नव्हतं. ढकललं असणार, असंच जो तो म्हणत होता. पण आवाज खाली आणून आणि आधी मागे वळून बघून. रविवारी बंदुकांच्या पहाऱ्यात अंत्यविधी उरकला. आज सोमवार. चार वाजता शोकसभा होती.

बाईंनी पुडकं सोडलं. नदीच्या गाळाचा वास खोलीभर झाला. डाव्या बाजूच्या अस्तरावरून त्यांनी बोटं फिरवली. खिशाच्या खाली, बरगडीपाशी, बोटांना ती जाडी लागली.

"आहे," त्या म्हणाल्या.

वहिनी मटकन स्टुलावर बसल्या. "देव पावला म्हणायचं! म्हणजे त्यांना सापडली नाही."

ती यादी होती. कापडाच्या पट्टीवर न पुसणाऱ्या शाईनं लिहिलेली चाळीस नावं. भाऊंच्या पश्चात ज्यांनी काम चालवायचं, ते चाळीसजण. त्यातला प्रत्येकजण फक्त आणखी दोघांना ओळखत होता. सगळे माहीत होते ते एकट्या भाऊंना. आज शोकसभेला हजारो माणसं येणार आणि त्या गर्दीत ते चाळीसही असणार. यादी पोलिसांच्या हाती नसेल तर ते गर्दीतली माणसं. असेल तर जाळ्यातले मासे.

"मी निरोप्याला सांगितलंय," वहिनी म्हणाल्या, "यादी असली तर तो येऊन घेऊन जाईल. आणि हे..." त्यांनी पदराची गाठ सोडली. आत वीतभर काळा दोरा होता. "अंघोळ घालताना डावी मूठ उघडेना. कोमट पाणी घालून घालून उघडली. आत हा होता. इस्पितळातल्या कुणी ती मूठ उघडलीच नव्हती. मी कुणाला दाखवला नाही. कशाचा आहे हो?"

बाईंनी दोरा उजेडात धरला. एका टोकाला बारीक गाठ, दुसरं टोक तुटून पिंजारलेलं. ती गाठ त्यांनी स्वतः मारली होती.

मग त्यांनी कोट खिडकीशी नेला, चष्मा चढवला आणि अस्तराची शिवण पाहिली. नखानं एक टाका उचलून पाहिला.

"काय झालं?"

"वहिनी, यादी आत आहे. पण वरचा टाका माझा नाही."

२

महिन्यापूर्वी यादी अस्तरात घातली तेव्हा बाईंनी मुद्दाम साखळी टाका घातला होता. साखळी टाक्याचा गुण तोच आणि दोषही तोच: टोक धरून ओढलं की सगळी शिवण एका दमात उसवते. ते टोक त्यांनी खिशाच्या आत सोडलं, गाठ मारून, चिमटीत धरता यावं म्हणून. "पकडले गेलात तर ओढा," त्यांनी भाऊंना सांगितलं होतं. "पट्टी हातात येईल. गिळा, नाहीतर फेका." भाऊ हसले होते. "म्हणजे मरतानासुद्धा शिंप्याचीच चव!" ही युक्ती त्या दोघांनाच ठाऊक होती. वहिनींना फक्त यादी कोटात आहे एवढं माहीत होतं.

आता त्या जागी उलटी टीप होती. बारीक, सारखी, मेण लावलेल्या दोऱ्याची. असली शिवण ओढून सुटत नाही. कात्रीनंसुद्धा वेळ लागतो.

"पोलिसांच्या शिंप्यानं उसवून, वाचून परत शिवली असेल," वहिनी म्हणाल्या. "आपण बेसावध राहावं म्हणून."

"नाही. इथे बघा." अस्तरावर गाळाच्या पाण्याची तपकिरी रेघ आडवी गेली होती. कापडावरून ती टाक्यांवर चढली होती आणि पलीकडे पुन्हा कापडावर उतरली होती, मध्ये कुठेही न तुटता. "नंतर शिवलं असतं तर दोरा कोरा राहिला असता. कोट पाण्यात गेला तेव्हा हा टाका होता."

म्हणजे गुरुवारच्या आधीचा. आणि गेल्या सोमवारपासून बुधवारपर्यंत कोट याच दुकानात होता, तुटलेलं बटण लावायला. मंगळवारी बाई बहिणीकडे गेल्या होत्या. दुकानात तिघंच होती.

वहिनी उठल्या. "सभा होऊ दे की थांबवू? तीनपर्यंत सांगा मला. त्यानंतर माणसं घरातून निघालेली असतील."

त्या गेल्यावर पाच मिनिटांत निरोप्या आला. सहा वर्षं भाऊंचे निरोप इकडून तिकडे नेणारा उंच, हसरा माणूस. दुकानातल्या सगळ्यांची चौकशी करणारा. आज आत येताना तो हसला नाही.

"यादी?"

"आत आहे. पण कुणीतरी शिवण बदललीय. वाचली गेली का, ते कळल्याशिवाय मी ती हलवणार नाही." याहून जास्त बाई बोलल्या नाहीत.

निरोप्यानं कोटाकडे पाहिलं आणि डोळे मिटले. "बदलली! तरीच. बिचाऱ्यांनी दोरा ओढला, तो तुटून हातात आला, आणि शिवण तशीच! म्हणून गेले ते, बाई. हे पाप तुमच्या दुकानातलं आहे."

खरंच होतं ते. अस्तरावर नखांचे ओरखडे त्यांनी पाहिले होते.

"तीन वाजता येतो," तो म्हणाला. "यादी द्या आणि नाव द्या. तिघांतलं एक. संघटनेत वरचे सगळे खवळलेत. नाव मिळालं नाही तर तिघांनाही नेतील, आणि गेलेला माणूस परत आला असं आजवर झालेलं नाही, तुम्हाला माहीत आहे."

दाराशी दुकानातल्या काजवालीच्या चपला वाजल्या. तो तिच्याकडे बघून हसला, तिच्या मुलाचा खोकला कसा आहे ते विचारलं आणि निघून गेला.

३

काजवाली म्हणजे दुकानातली जीभ. काज करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि बोलण्यात तिच्या वाटेला जाणारं कुणी नव्हतं. ती खिडकीजवळ बसे. ती जागा आधी आबांची. वर्षापूर्वी त्यांनी तिला दिली. म्हणाले, पोरीचे डोळे जपायला हवेत.

"तुझ्या दोऱ्याला मेण कोण लावतं ग?" बाईंनी विचारलं.

"मीच. दुसरं कोण लावतंय? यांच्या हातात मेण दिलं तर मेणबत्ती करतील."

"भाऊंच्या कोटाच्या अस्तराला मेणाचा दोरा आहे."

काजवालीची सुई थांबली. "मी काज सोडून काही शिवत नाही, बाई."

"मंगळवारी कोट कुठे होता?"

"खुंटीला. बटण मी लावलं. दोरा माझा असेल, मेण माझं असेल. टाका माझा नाही."

"दोरा तुझा आणि टाका दुसऱ्याचा, हे कसं?"

काजवाली गप्प बसली, हे बाईंनी सात वर्षांत प्रथमच पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. तिला काहीतरी ठाऊक होतं आणि ती भ्यायली होती.

इस्त्रीवाला मागच्या खोलीत कोळसे फुलवत होता. त्याचा मेहुणा पोलिसात पहारेकरी. ही गोष्ट तो लपवत नसे आणि सांगतही नसे.

"बुधवारी भाऊंच्या कोटाला इस्त्री तू केलीस."

"केली."

"काही जाणवलं?"

त्यानं कोळशावर फुंकर मारली. "इस्त्रीखाली कापड सगळं सांगतं. आतमध्ये पट्टी आहे, हे कळलं."

"आणि?"

"आणि काय? तेवढ्या जागेवर इस्त्री फिरवली नाही. म्हटलं शाई असेल, उमटेल."

"मेहुण्याला सांगितलंस?"

तो पहिल्यांदाच वर बघून बोलला. "बाई, मेहुण्याला मी माझा पगारसुद्धा खरा सांगत नाही." मग हळूच म्हणाला, "मला नेणार का?"

बाई पुढच्या खोलीत आल्या.

राहिले आबा. पासष्टीचे अस्तर कारागीर. बाईंच्या वडिलांच्या वेळेपासून दुकानात. ते नेहमीसारखे कपाटामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मांडी घालून शिवत होते. पुढ्यातल्या गादीत सुया ओळीनं टोचलेल्या, प्रत्येकीत दोरा ओवलेला.

"आबा."

"या, बाई. आज पाऊल जड पडतंय तुमचं."

"मंगळवारी भाऊंच्या कोटाला हात लावलात?"

"लावला की," आबा शिवता शिवता म्हणाले. "खुंटीवरून काढताना अस्तर बोटाला लागलं. कोणी पोरासोरानं साखळी घातली होती तिथे! ओढली की भस्सकन सुटेल अशी. आपल्या दुकानाचा कोट, भाऊंच्या अंगावर, आणि असली शिवण? लाज वाटली मला. वरून पक्की टीप मारून टाकली."

बाई त्यांच्यासमोर खाली बसल्या.

"उसवून मारलीत?"

"छे! उसवायचं कशाला? चुकलं का काही?"

आबा खरं बोलत होते की इतक्या सहजपणे खोटं? ज्यानं यादी वाचली, तोही नेमकं हेच म्हणाला असता. घड्याळात साडेअकरा झाले होते.

४

बाई कोट घेऊन मागच्या खोलीत गेल्या. कडी लावली. उसवण्याची बारीक कात्री घेऊन त्यांनी वरची टीप एकेक टाका कापून काढायला सुरुवात केली. खालची कड सुईच्या टोकानं जपत, चोरासारखं.

पाऊण तास लागला. टीप निघाली आणि खाली त्यांची साखळी दिसली.

सगळी. पहिल्या फाशापासून शेवटच्यापर्यंत. नवी सुई जिथे जिथे खाली उतरली होती, तिथे ती साखळीच्या फाशांना भोसकून गेली होती. म्हणूनच ओढल्यावर दोरा सरकला नाही, तुटला. पण फासा एकही सुटलेला नव्हता. पट्टी बाहेर काढायची तर साखळी उसवावीच लागते. आणि उसवली असती तर वरच्या टिपेच्या पोटात ती पुन्हा घालणं देवालाही जमलं नसतं.

यादी कुणीही पाहिली नव्हती. ना दुकानात, ना चौकीत.

बाईंनी काजवालीला आत बोलावलं. "आबांच्या सुया तूच ओवून देतेस ना?"

काजवालीला रडू फुटलं. "रोज सकाळी दहा. दुपारी आणखी दहा. त्यांना दिसत नाही हो, बाई. वर्ष झालं. तुम्ही काढून टाकाल म्हणून सांगू दिलं नाही त्यांनी. मेणाचा दोरा म्हणालात तेव्हाच मला कळलं, पण नाव कसं घेऊ?"

खिडकीची जागा. अंधारा कोपरा. पावलांवरून माणूस ओळखणं. डोळ्यांपुढे वर्षभर होतं सगळं, आणि दिसत नव्हतं ते बाईंना. आबांनी साखळी बोटांनी वाचली होती, नावं नाही. चांगल्या कारागिराला वाईट शिवण बघवली नाही, एवढाच गुन्हा. भाऊंना पुलावर ती उघडता आली नाही. यादी हाती लागू द्यायची नाही, तर तिच्यासकट जायचं, इतकंच त्यांच्या हातात उरलं. त्यांना कुणी ढकललं नव्हतं. आणि तीच शिवण इतकी बेमालूम होती की पोलिसांनी कोट चाचपून, झटकून परत दिला. उडी मारली नसती, तरी बहुधा त्यांना ती सापडली नसती.

हे शेवटचं बाईंनी मनातच दाबून टाकलं.

"म्हणजे आपल्यातलं कुणीच नाही," काजवाली डोळे पुसत म्हणाली. "मग भाऊ पुलावरून जाणार हे त्यांना कळलं कसं?"

बाई टेबलावरच्या वीतभर दोऱ्याकडे बघत होत्या. निरोप्या आला तेव्हा तो त्यांच्या मुठीत होता. त्याला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की शिवण बदललीय.

बिचाऱ्यांनी दोरा ओढला, तो तुटून हातात आला.

ओढायचा दोरा आहे, हे भाऊंना आणि बाईंना ठाऊक. तो तुटून मुठीत राहिला, हे वहिनींना आणि बाईंना. इस्पितळानं मूठ उघडली नव्हती. मग ते बघितलं कोणी? गुरुवारी संध्याकाळी पुलावर, भाऊंपासून चार हातांवर जो उभा होता त्यानं.

निरोप्याला यादीही हवी होती आणि एक नावही हवं होतं. स्वतःच्या जागी उभं करायला. आणि तो तीन वाजता येणार होता.

५

बाईंनी पट्टी काढली. न वाचता इस्त्रीवाल्याच्या हातात दिली. त्यानं इस्त्रीचं झाकण उघडलं, पट्टी कोळशावर ठेवली आणि झाकण लावलं.

मग त्यांनी तेवढ्याच मापाची दुसरी पट्टी कापली, शाईची बाटली उघडली आणि लिहायला बसल्या. नावं आठवावी लागली नाहीत. दर शोकसभेच्या काळ्या फिती याच टेबलावर कापल्या जात. गोदीच्या फाटकावर गोळी लागलेले तिघे. कोठडीत उपोषणाच्या एकेचाळिसाव्या दिवशी गेलेला विद्यार्थी. जखमींना घरात घेतलं म्हणून दारातच मारलेली दाई. छापखान्यासकट जाळलेला खिळे जुळवणारा. बाप आणि त्याच्या पाठोपाठ लेक. चाळिसावं नाव भाऊंचं लिहिलं. तिथे थांबावं लागलं, नाहीतर पट्टी पुरली नसती.

काजवालीला त्या म्हणाल्या, "मागच्या दारानं वहिनींकडे जा. सांग, सभा होऊ दे. आणि एवढंच सांग, की मुठीतला दोरा निरोप्यानं पाहिलाय. बाकी त्यांना कळेल. परत येऊ नकोस. संध्याकाळी आबा तुझ्याकडे येतील. पोरगा घेऊन तयार राहा, रात्री गावाबाहेर पडायचं."

"आणि तुम्ही?"

"मी कुलूप लावून येते. जा."

मग कोट आणि नवी पट्टी घेऊन त्या कोपऱ्यात गेल्या. "आबा, पक्की टीप मारा इथे. तुमची. घाईत उसवता येऊ नये अशी."

आबांनी अस्तरावरून बोटं फिरवली आणि ओळखलं. "भाऊंचा." मग सुई घातली.

तीनला पाच मिनिटं असताना निरोप्या आत आला. दार त्यानं स्वतःच लावलं.

"यादी?"

"कोटात. उसवून पाहिली, कुणी वाचलेली नाही. परत बंद केलीय. रस्त्यात झडती झाली तर जुना कोट म्हणून सुटशील."

त्यानं अस्तर चाचपलं. पट्टी हाताला लागली. नखानं टाका ओढून पाहिला. तो हलला नाही. खिशातून चाकू काढून त्यानं पातं शिवणीला लावलं. मागच्या खोलीत इस्त्री ठेवल्याचा आवाज झाला.

"फाड," बाई म्हणाल्या. "पण पट्टी टिपेत धरलेली आहे. चाकूनं नावंच कापली जातील. नीट उसवायला पाऊण तास लागतो. बसतोस?"

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चारच्या आत यादी कुठेतरी पोचवायची असलेल्या माणसाचं ते बघणं होतं. त्यानं चाकू मिटला.

"आणि नाव?"

"नाव सांगते. पण इथे नको, आत ऐकू जाईल. सभेनंतर, वहिनींच्या समोर."

तो बाईंकडे बघत राहिला. बाईंनी नजर हलवली नाही. टेबलाखाली मात्र त्यांच्या बोटांनी कापडाची चिंधी पिळून पिळून दोरी केली होती. मग त्याला ते जुनं हसू आलं.

"काळजी घ्या, बाई," तो म्हणाला आणि कोट काखेत मारून निघून गेला.

त्याच्या मागे कोपऱ्यावरचा एक माणूस वर्तमानपत्र मिटून चालू लागला. दुसरा तिथेच उभा राहिला. बाईंनी मोजलं. कोट तिकडे पोचेल, कुणीतरी टाका टाका कापत बसेल, पट्टी निघेल, आणि सभेच्या दारात उभ्या माणसांना चाळीस नावं मिळतील. त्यांतल्या एकालाही आता पकडता येणार नव्हतं. ते ध्यानात आल्यावर मात्र इथे यायला पंधरा मिनिटं पुरली असती.

इस्त्रीवाल्यानं कोळशावर पाणी ओतलं. मागच्या दारापलीकडे बोळ मोकळा होता. लांबून सभेच्या कर्ण्याची खरखर ऐकू आली, माणसं जमल्याचा एकच मोठा, हलता आवाज.

"आबा, उठा. आज लवकर बंद करतोय."

आबा सुयांची गादी चाचपत उठले. एक सुई रिकामी होती. बाईंनी ती घेतली, दोरा मेणावरून ओढला, ओवला आणि त्यांच्या हातात दिली. आबांचा हात तसाच पुढे राहिला. त्यांना कळलं होतं की बाईंना कळलंय.

"काढणार मला?"

"नाही, आबा."

इस्त्रीवाल्यानं त्यांचा हात धरला. मागच्या उंबऱ्यावर ते थांबले. "बाई, एक विचारायचं राहिलं. तो कोट नदीत होता ना दोन दिवस? मंगळवारची माझी टीप... सुटली होती का कुठे?"

कोपऱ्यावरचा माणूस रस्ता ओलांडून दुकानाकडे येत होता. बाईंनी पुढच्या दाराची कडी आतून सरकवली.

"नाही, आबा," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत सुटली नाही."

"मग बरं," आबा म्हणाले, आणि समाधानानं पायरी उतरले.